चंद्राच्या वाटेवरची १०८ अक्षरं

लोणी देवकरात एका घरी पहाटे चारला मुलगा झाला आणि शेजारच्या घरी सकाळी अकराला, तर दोघांची नावरस अक्षरं वेगळी निघणारच. गाव एक, दिवस एक, उजनीवरून येणारा वाराही तोच. पण मधल्या सात तासांत चंद्र पुढं सरकलेला असतो.

चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करायला सुमारे २७.३ दिवस लागतात. जुन्या लोकांनी या वाटेचे २७ भाग केले, ती नक्षत्रं. प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकूण १०८, आणि दर चरणाला एक अक्षर. जन्मावेळी चंद्र ज्या चरणात, त्याच्या अक्षरावरून बाळाचं नावरस नाव. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. एका अक्षराच्या वाट्याला साधारण सहा तास येतात. चंद्र तासाभरात जेमतेम स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, तेव्हा आभाळातलं एकेक अक्षर सहा चंद्र ओळीनं मांडावेत एवढं लांब! रोहिणीवर जन्मलेल्या कृष्णाला ‘क’ मिळत नाही, ‘वा’ मिळू शकतो. आणि वासुदेव हे त्याचं नाव आहेच. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर तर ‘ङ’ बसलाय. त्यावरून नाव कुठून आणणार? मग जवळचं अक्षर धरतात.

या अक्षरात मुलाचं नशीब असतं, असं मला वाटत नाही. पण घरात घड्याळ नव्हतं, पत्रिका लिहून ठेवलेली नव्हती, तेव्हा जन्मावेळचा चंद्र कुठं होता हे नावातच जपून ठेवायचं, ही युक्ती थक्क करते. पुढं लग्न जुळवताना पत्रिका नसली, तर नावावरूनच गुण बघतात.

नावं आभाळातूनच येतात असंही नाही. पुढं इंदापूरच्या लढाईत पडलेल्या मालोजीराजांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं ठेवली शहाजी आणि शरीफजी. पुढच्या पिढीत शिवनेरीवरच्या शिवाईवरून शिवाजी.

बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात, मग बाळाला. आत्या वाकते, कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते, तोवर बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालत असतात. बाहेर घुगऱ्या वाटल्या जातात. कित्येक घरांत नावरस नाव तेवढं कानापुरतंच राहतं, हाकेचं वेगळं.

नाव लगेच सुचलं नाही तरी अडत नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, नाव मागाहून घालता येतं; वर्षभरात घातलं तर शुल्क नाही. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. आत्यानं सांगितलेल्या नावाला लागूनच आता आईचं नाव येतं.