अक्षरांआधी बोटं

थंडी पडली की बंगळुरूतल्या एचएसआर लेआउटच्या भाजीवाल्यांकडे अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे, ढीग लागतात. त्याच सुमारास नर्सरी-एलकेजीच्या प्रवेशांची धावपळही चालू असते. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन एबीसीडी गिरवून घेतली जाते. शरीरशास्त्र मात्र सांगतं, जरा दमानं घ्या.

आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेचीच असतात. तिसऱ्या वर्षी एक्स-रे काढला, तर त्यातली साधारण तीनच हाडं उमटतात. हाताचे बारीक स्नायूही याच वयात बळ धरतात आणि मेंदूचा त्यांच्यावरचा ताबा सरावानेच येतो. तो सराव स्वयंपाकघरात फुकट मिळतो. भिजवलेला पावटा चिमटीत दाबला की साल बोटांत राहते आणि दाणा टुणकन बाहेर उडतो. कानडी घरांत याची हितकिद बेळे होते, आपल्याकडे वालाच्या डाळिंब्या अशाच सोलतात. पेन्सिल पेलायला लागते ती हीच चिमटी. फक्त दाणा नाकातोंडात जाऊ नये म्हणून मोठ्यांनी शेजारी बसावं.

शाळेत हाताइतकाच मनाचा लगामही लागतो. तीन ते पाच या वयात कपाळामागचा मेंदूचा भाग स्वतःला आवरायला झपाट्याने शिकतो. ‘चिमणी उडाली’ला बोट वर करायचं आणि ‘म्हैस उडाली’ला खाली ठेवायचं, या खेळात नेमका तोच व्यायाम होतो.

राहिली भाषा. शाळेत इंग्रजी आणि कन्नड म्हणून घरची मराठी आवरती घ्यायचं कारण नाही. घडलेलं क्रमाने सांगणं, ‘का’ विचारणं ही कौशल्यं एका भाषेत रुजली की दुसरीतही कामी येतात. ‘नीरु बेकु’ म्हणून पाणी मागता आलं आणि शू आल्याचं बाईंना समजेल असं सांगता आलं, की सुरुवातीपुरतं पुष्कळ झालं.

या सगळ्याला महागडी साधनं लागत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसोबत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारला. पुढे १९४५ पासून बोर्डी या गावात त्यांनी बालशिक्षण खेड्यातल्या मुलांपर्यंत नेलं, तेही परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तू हाताशी धरून. विकतच्या साधनांवाचून त्यांचं अडलं नाही.

तेव्हा वर्कबुक घेण्याआधी पाहा: डबा उघडता येतो का? चड्डी वर-खाली करता येते का? चप्पल घालता येते का? येत नसेल तर रोज करू द्या. त्यासाठी सकाळची आवराआवर दहा मिनिटं लवकर सुरू करावी लागेल, हीच काय ती या तयारीची फी.