ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच का कालवायची?

आवणीच्या दिवसांत राजूरला आमच्या दवाखान्यात सकाळची रांग जुलाब-उलट्यांच्या रुग्णांची असते. वर घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळत असतो, झरे आणि विहिरी गढूळ होतात, आणि घरातली मोठी माणसे दिवसभर खाचरात असल्याने पाणी उकळायला कुणाला सवड नसते. अशाच एका सकाळी एक आजी आठ महिन्यांच्या नातीला घेऊन आल्या. बाळाचे डोळे खोल गेले होते, टाळू आत बसली होती. चमचा ओठाला लावला की बाळ हावऱ्यासारखे पीत होते आणि मध्येच किरकिरत होते.

"पुडी तं दिली डॉक्टर, कालपासून देतेय. पण जुलाब वाढलाच," आजी म्हणाल्या.

पुडी कशात कालवली, असे विचारल्यावर त्यांनी हातानेच पेल्याचे माप दाखवले. एक लिटरची पूर्ण पुडी एका पेल्यात! "जरा दाट केली म्हंजी लवकर गुण येईल," हा त्यामागचा विचार. औषध कडक तर गुण लवकर, हे गणित खोकल्याच्या काढ्याला कदाचित चालत असेल. इथे ते उलटे पडते. बाळ दोन दिवस आमच्याकडे राहिले आणि बरे होऊन घरी गेले. चूक आजींची म्हणता येणार नाही. ज्याने कुणी पुडी हातात दिली, त्याने पाण्याचे माप सांगायला हवे होते.

मापाला एवढे महत्त्व का, हे समजायला पेशीच्या आवरणाशी थोडी ओळख करून घ्यावी लागते.

पेशीचे आवरण कुणाला आत सोडते?

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी एका अतिशय पातळ आवरणात असते. त्याला पेशीपटल म्हणतात. हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे असते. तेलात मीठ विरघळत नाही हे स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक आहे. तसेच इथेही आहे. प्राणवायू किंवा कार्बन डायऑक्साइड या थरातून सहज पार होतात. मीठ आणि साखर मात्र अडतात. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची खास दारे बसवलेली असतात, आणि प्रत्येक दार ठरावीक पदार्थालाच ओळखते.

पाण्याची गोष्ट थोडी वेगळी. पाणी या थरातून हळूहळू झिरपते, पण अनेक पेशींमध्ये त्याच्यासाठी स्वतंत्र नळ्या असतात. अशी नळी पीटर ॲग्रे या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९२ च्या सुमारास सिद्ध केली आणि त्यासाठी २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: शरीरात पाणी खेचून घेणारा पंप कुठेही नाही. जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी आपोआप जाते. याला परासरण म्हणतात.

परासरण तुम्ही दरवर्षी पाहता. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात भांड्यात पाणी सुटते. ते पाणी कैरीच्या पेशींमधून बाहेर आलेले असते, कारण बाहेर मीठ जास्त झाले. याउलट मनुका पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात, कारण आता जास्त साखर आत आहे.

आपल्या रक्तपेशींचेही असेच होते. त्या साध्या पाण्यात टाकल्या तर पाणी आत शिरून फुगतात आणि फुटतात. फार खारट पाण्यात टाकल्या तर सुरकुततात. म्हणूनच शिरेतून कधीही नुसते पाणी देत नाहीत. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेले असते, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. एवढ्या खारटपणात रक्तपेशी फुगतही नाही आणि आकसतही नाही.

आतड्यातला जोड-दरवाजा

दिवसभरात आपण साधारण दोन लिटर द्रव पितो-खातो. त्यात लाळ, जठररस, पित्त, आतड्याचे रस मिळून आणखी सुमारे सात लिटर पडतात. या नऊ लिटरांपैकी शौचावाटे बाहेर जाते ते जेमतेम १००-२०० मिलिलिटर. बाकी सगळे आतडे परत शोषून घेते. एवढे पाणी पंपाशिवाय कसे शोषले जाते?

याचे उत्तर मिठात आहे. आतड्याच्या पेशी मागच्या बाजूने, म्हणजे रक्ताकडच्या बाजूने, सोडिअम सतत बाहेर उपसत राहतात. त्यामुळे पेशीच्या आत सोडिअम कमी राहतो आणि आतड्याच्या पोकळीतला सोडिअम आत यायला बघतो. त्याच्या एका महत्त्वाच्या दाराची अट अशी की ग्लुकोज सोबत असेल तरच ते उघडते. सोडिअमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक कण मिळून आत जातात. ही जोडीने जाण्याची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. मीठ आणि साखर आत गेली की त्यांच्यामागे पाणी जाते.

कॉलरा आणि त्यासारख्या जुलाबांत जंतूंचे विष पेशीतून आतड्यात क्षार सोडणारी दुसरी दारे उघडी करून ठेवते. क्षार बाहेर, त्यामागे पाणी बाहेर. माणूस काही तासांत सुकतो. पण जोड-दरवाजाला हे विष हात लावत नाही. जुलाब चालू असतानाही तो तितकाच काम करतो. म्हणजे गळकी टाकी दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्या नळाने ती भरत राहता येते. रोटाव्हायरससारख्या आजारात आतड्याच्या काही पेशी मरतात, तरी उरलेल्या पेशींचे दार बहुतेक वेळा पुरते.

पालकांची नेहमीची तक्रार असते, "पुडी दिली तरी जुलाब थांबला नाही." बरोबर आहे, ती जुलाब थांबवत नाही. गेलेले पाणी आणि क्षार ती भरून काढते, आणि जुलाबात जीव जातो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे.

आता आजींच्या पेल्याकडे

एक लिटरच्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते: मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. लिटरभर पाण्यात कालवल्यावर विरघळलेल्या कणांचे माप २४५ भरते. रक्ताचे माप २९० च्या आसपास असते. म्हणजे हे पाणी रक्तापेक्षा किंचित पातळ आहे, आणि म्हणून आतड्यातून शरीराकडे जाते.

तीच पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात कालवली तर माप पाचपट होते, १२०० च्या वर. आता दाट बाजू आतड्यात आहे. कैरीच्या फोडींसारखे शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतो. जे मीठ शोषले जाते ते रक्तात साचते, मग मेंदूच्या पेशींतले पाणी रक्ताकडे खेचले जाते. बाळ तहानेने कासावीस होते, किरकिरते, झटकेही येऊ शकतात.

उलट बाजूही तितकीच वाईट. जुलाबात नुसते साधे पाणी भरपूर पाजले तर रक्तातले मीठ आणखी पातळ होते आणि मेंदूच्या पेशी फुगतात. त्यानेही सुस्ती आणि झटके येतात.

पुडीचे माप शास्त्रज्ञांनीही एकदा बदलले आहे. जुन्या पुडीचे माप ३११ होते. ते थोडे पातळ केल्यावर मुलांचे जुलाब आणि उलट्या कमी होतात, सलाईन लावायची वेळही कमी येते, असे दिसले. म्हणून २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २४५ चे सूत्र स्वीकारले. एवढ्याशा फरकाने परिणाम बदलतो, तर पाचपटीने काय होईल याचा विचार करा.

एक सावधगिरी. बाजारात २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात. त्या पेल्यातच कालवायच्या असतात. तेव्हा पुडीवर लिहिलेले माप वाचा, वाचता येत नसेल तर आशाताईंना किंवा औषध दुकानदाराला विचारा. एक लिटरसाठी पाण्याची रिकामी, स्वच्छ धुतलेली लिटरची बाटली हे सर्वांत सोपे माप.

कोल्ड्रिंक, खोक्यातले पेय आणि पेज

कोल्ड्रिंक किंवा डब्यातला ज्यूस जुलाबात देऊ नका. लिटरभर कोल्ड्रिंकमध्ये साधारण १०० ग्रॅम साखर असते, पुडीच्या सातपट, आणि मीठ जवळजवळ नसतेच. जोड-दरवाजाला सोडिअमची जोडी मिळत नाही, आणि उरलेली साखर पाणी ओढत आतड्यात बसते. ओआरएस असे नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांचेही तेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता, असे मला वाटते.

याउलट आपल्या भागातली भाताची पेज फार शहाणी गोष्ट आहे. पिठूळ पदार्थाचा एक कण म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो कणांची माळ. परासरणात पाणी कणांची संख्या पाहते, त्यांचा आकार पाहत नाही. त्यामुळे अख्खी माळ एकच कण म्हणून मोजली जाते आणि पेज पाणी ओढत नाही. आतड्याच्या भिंतीशी आल्यावर माळ सुटते आणि एकेक ग्लुकोज तिथल्या तिथे आत जातो. चिमूटभर मीठ घातलेली पातळ पेज, नागलीची आंबील, वरणाचे पाणी हे घरगुती उपाय पुडी हाती येईपर्यंत जरूर द्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र आईचे दूध आणि पुडीचे पाणी एवढेच.

पुडी मिळतच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. आधी चाखून पाहा. आसवांपेक्षा खारट लागले तर ओतून द्या.

"डॉक्टर, सलाईनच लावा"

हे वाक्य मी रोज ऐकतो. बाटली लटकली म्हणजे उपचार झाला, अशी आपल्याकडे समजूत आहे. खरे तर माणूस शुद्धीवर असेल आणि पीत असेल, तर तोंडाने दिलेले पाणी बहुतेक वेळा तितकेच काम करते.

याचा मोठा पुरावा १९७१ चा आहे. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खायचा सोडा असे मिश्रण पिंपांत कालवले आणि नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. पाजणारे बहुतेक घरचेच लोक होते. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

घरी कसे द्यावे

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना हवे तितके. बाळाला चमच्याने, घाई न करता. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा अगदी हळू सुरू करा. पाणी उकळून थंड करून घ्या. पुडी कालवल्यावर मात्र उकळू नका, त्यात वरून साखर किंवा मीठ घालू नका, आणि २४ तासांनंतर उरलेले फेकून द्या. अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न चालू ठेवा. दोन महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सोबत १४ दिवस झिंकच्या गोळ्या लागतात: सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. जुलाब दोन दिवसांत थांबला तरी झिंक पूर्ण करा. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका.

मूल पीतच नसेल, सुस्त पडले असेल, प्रत्येक घोट उलटून टाकत असेल, शौचात रक्त असेल, झटके आले असतील, सहा तासांत लघवी झाली नसेल किंवा पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसत असेल, तर वाट पाहू नका. दवाखाना गाठा, आणि वाटेत जमेल तेवढे चमच्याने पाजत राहा. अशा मुलाला सलाईन खरोखरच लागते.

मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी पुडीच्या प्रमाणाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी तीतल्या ग्लुकोजला घाबरून पुडी टाळू नये, रक्तातली साखर मात्र तपासत राहावी. काही मधुमेही डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेतात. या गोळ्या मूत्रपिंडातला अशाच जातीचा जोड-दरवाजा अडवतात, त्यामुळे साखरेबरोबर पाणीही लघवीवाटे जास्त जाते. जुलाब-उलट्या चालू असताना ही गोळी काही दिवस थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून डॉक्टरांना विचारा.