जुन्या गाडीचे नवे पाय

आमच्या गराजमध्ये १९६६ सालची निळी फोर्ड मस्टँग आहे. "एवढ्या पैशांत पुण्याला एखादी खोली झाली असती," हे सौ.चं वाक्य आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेलं आहे. मी हसून विषय बदलतो. डिट्रॉइटच्या परिसरात राहायचं आणि जुन्या गाड्यांपासून अलिप्त राहायचं, हे पंढरपुरात राहून टाळ न ऐकण्यासारखं आहे!

मस्टँग बाजारात आली १७ एप्रिल १९६४ रोजी. रूप देखणं, पण खालची हाडं फाल्कन ह्या साध्या, स्वस्त गाडीची. रूपावर मी भाळलो. हाडांचा विचार करायला एक प्रसंग घडावा लागला.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी पंधरा वर्षांच्या मुलीला शेजारी बसवून पार्किंग लॉटमधून निघालो होतो. वेग फार तर पंधरा मैल. ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, गाडी घसटत झुडपात जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. पण वर्षभराने हीच गाडी चालवायची स्वप्नं पाहणारी कन्या शेजारी गप्प बसून होती, ते मी विसरू शकलो नाही.

कारण साधं होतं. मागच्या एका चाकातला ब्रेकचा सिलिंडर गळत होता. पण एक चाक गळलं तर चारही ब्रेक का जावेत? कारण १९६६ च्या मस्टँगमध्ये मास्टर सिलिंडर एकेरी आहे. तेल एकाच कप्प्यातून चारही चाकांना जातं. एक भोक पडलं की सगळा दाब संपला. १९६७ च्या मॉडेलपासून तो दुहेरी झाला: पुढच्या चाकांना एक कप्पा, मागच्यांना दुसरा. एक गेला तरी दुसरा उरतो. ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्यांनी बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण हा बदल आधी करावा.

माझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, वडिलांच्या पद्मिनीला होते तसेच. खंबाटकीचा घाट उतरताना ते म्हणत, "ज्या गिअरने चढ चढलास, त्याच गिअरने उतार उतर." त्यामागचं शास्त्र मला बऱ्याच उशिरा कळलं. ड्रम आतून बंद डब्यासारखा. घर्षणाची उष्णता आत कोंडते, अस्तर तापून त्याची पकड ढिली पडते. डिस्क उघड्या हवेत फिरते, लवकर निवते. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क लावायचं ठरवलं, कारण ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात.

इथे एक गंमत आहे. ड्रमचा 'शू' फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच अधिक घट्ट बसतो, दाराखालच्या पाचरीसारखा. डिस्कला ही फुकटची मदत नाही. त्यामुळे पायाला जास्त जोर लागतो आणि इंजिनच्या निर्वातावर चालणारा बूस्टर बसवणं सोयीचं पडतं. शिवाय मागे ड्रमच राहिले, तर त्यांचा दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो. नाहीतर मागची चाकं आधी अडकून गाडी गिरकी घेते.

एवढं समजूनही मी चूक केलीच. दुहेरी मास्टर सिलिंडर आणला तो ड्रम ब्रेकचा. त्यात थोडा दाब कायम धरून ठेवणारी एक झडप असते, दर चौरस इंचाला सुमारे १० पौंडांची. ड्रममधल्या स्प्रिंगा त्या दाबाला जुमानत नाहीत. डिस्कला स्प्रिंगच नाहीत. पॅड सतत घासत राहिले आणि दोन मैलांत करपट वास सुटला. "पीएच.डी.ला हे शिकवत नाहीत का?" सौ.ने विचारलं. शिकवत नाहीत. एक भाग बदलला की त्याच्या शेजाऱ्यांची चौकशी करावी, हे सॉफ्टवेअरमध्ये रोज शिकतो, तरी विसरतो.

मग सस्पेन्शन. वळणावर गाडी बाहेर कलते तेव्हा मूळ रचनेत बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर झुकतो आणि टायर कडेवर उभा राहतो. ह्यावरचा उपाय फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांचा. कॅरल शेल्बी यांच्या १९६५ च्या जीटी-३५० मध्ये तो वापरला गेला, म्हणून त्याला 'शेल्बी ड्रॉप' म्हणतात. वरच्या आर्मचा आतला टेकू एक इंच खाली घ्यायचा. मग चाक वर उचललं जाताना आर्म त्याचा माथा आत ओढतो आणि टायर रस्त्यावर सपाट बसतो. खर्च जवळजवळ शून्य: दर बाजूला दोन नवी भोकं.

मात्र त्यासाठी स्प्रिंग काढावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. योग्य अवजार नसेल तर हे काम जाणकाराकडे द्यावं. जुन्या ब्रेकच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतो. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

स्टिअरिंगला रॅक अँड पिनियन बसवायचा मोह झाला होता. पण रॅकच्या दांड्यांचे आतले सांधे योग्य जागी आले नाहीत, तर खड्ड्यात चाक उचलताच ते आपोआप वळतं. मी जुनाच प्रकार ठेवला, झिजलेले सांधे बदलले आणि १६:१ प्रमाणाचा गिअरबॉक्स घेतला. शेवटी अलाइनमेंट. मूळ आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरांचे. रेडियल टायरना कॅस्टर जास्त, दोन-अडीच अंश मानवतो. चाक वळणानंतर आपणहून सरळ येतं; उभ्या गाडीत स्टिअरिंग थोडं जड लागतं.

हे सगळं व्हायला दोन हिवाळे गेले. मधल्या काळात मुलगी नुसती पाहत नव्हती. मागच्या ब्रेकच्या नळ्या तिने बसवल्या. पहिल्या फेरीला तिने किल्ली मागितली. निघण्यापूर्वी तिने पेडल तीनदा दाबून पाहिलं, खाली वाकून चारही चाकांमागे तेल गळतंय का ते पाहिलं आणि मगच म्हणाली, "बाबा, आता बसा."

सौ. मागच्या सीटवर आधीच बसली होती.