नाकाची पट्टी कुठवर पुरते?

नाकावर चिकटवायची पट्टी आता मेडिकलच्या दुकानात सहज मिळते. नाकपुडीत बसवायची सिलिकॉनची छोटी क्लिपही मिळते. घोरणं थांबावं म्हणून वस्तीतली माणसं ती आणतात. आणायला हरकत नाही, पण ती काय करते आणि काय करत नाही, ते आधी समजून घेऊ.

पट्टीत लवचिक कांडी असते. ती सरळ व्हायला बघते आणि नाकपुडीच्या वरचा भाग बाहेर ओढते. नाकाची सगळ्यात अरुंद जागा तीच. आरशासमोर बसून गालाची कातडी बोटांनी हलकेच कानाकडे ओढा. श्वास मोकळा वाटला, तर पट्टीचा उपयोग होण्याची शक्यता आहे. सर्दी, वाकडं हाड, कांदाचाळीतली धूळ यांनी नाक चोंदून घोरणाऱ्याला तिने आराम पडतो.

स्लीप अ‍ॅप्नियाचं दुखणं मात्र नाकात नसतं, घशात असतं. गाढ झोपेत जीभ आणि टाळूचा मऊ भाग सैल पडून मागे जातो आणि वाट मिटते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मग माणूस दचकून, घुसमटून श्वास घेतो. तासाला 5 पेक्षा जास्त वेळा असं झालं तर तो आजार धरतात. 30 च्या वर गेलं तर तीव्र. नाक कितीही उघडलं तरी मिटलेला घसा उघडत नाही. पट्टी लावून तपासलेल्या रुग्णांमध्ये श्वास थांबण्याचं प्रमाण फारसं कमी झालेलं दिसत नाही. आवाज तेवढा कमी होतो, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. आम्हाला भीती याचीच आहे.

हा आजार अंगावर काढल्यास रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, पक्षाघाताचा धोका वाढतो. संगीतकार बप्पी लाहिरी 15 फेब्रुवारी 2022 ला मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत स्लीप अ‍ॅप्निया होता. आपल्याकडे धोका रस्त्यावरही आहे. नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री माळशेज उतरणाऱ्या पिकअपवाल्याला एक डुलकी पुरते.

मग ओळखायचं कसं? एका खोलीच्या घरात हे सोपं आहे, कारण शेजारी झोपलेल्याला सगळं ऐकू येतं. घोरणं मध्येच बंद पडतं का, आणि मग हुंदका आल्यासारखा श्वास येतो का, ते बघा. मोबाईलवर दोन रात्री रेकॉर्ड करा. सकाळी डोकं जड, बसल्या जागी डुलकी, न आवरणारा रक्तदाब, पन्नाशी ओलांडलेलं वय, गळ्याचा घेर 40 सेंटिमीटरच्या वर, यांतलं बरंच जुळलं तर थांबू नका. बायकाही घोरतात. त्या लाजेने सांगत नाहीत आणि थकवा कामाचा म्हणून सोडून देतात.

ते रेकॉर्डिंग घेऊन मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जुन्नर, नारायणगाव, घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयात जा. रक्तदाब तपासा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा. झोपेची तपासणी पुण्यात होते. मध्यम आणि तीव्र आजारावर मुख्य इलाज सीपॅप मशीन आहे. ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. मशीन महाग आहे, म्हणून तपासणीआधी विकत घेऊ नका.

तोवर कुशीवर झोपा. वजन जास्त असेल तर उतरवा. दारू घसा आणखी सैल करते. पाचवं शील पाळणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नाक मोकळं करणारे थेंबही चार-पाच दिवसांपलीकडे टाकू नका, नंतर नाक उलट जास्त चोंदतं.

पट्टी लावायची तर नाक साबणाने धुऊन कोरडं करा. तेल-क्रीम राहिलं तर ती निघते. नाकपुडीच्या फुगीर भागाच्या जरा वर लावा, सकाळी कोमट पाण्याने भिजवून काढा. एक पट्टी एकच रात्र. क्लिप रोज धुवा, दुसऱ्याला देऊ नका आणि नाकातून रक्त येत असेल तर वापरू नका. सीपॅपवाल्याचं नाक चोंदत असेल तर डॉक्टरांना विचारून पट्टी जोडीला लावता येते. मूल रोज घोरत असेल तर पट्टी नको. त्याचे टॉन्सिल आणि नाकामागची गाठ तपासून घ्या.