वाळवंटातले आकाशदगड आणि आबांचा टॉवेल

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नांगरटी उरकून शिवारात कुळवाच्या पाळ्या चालल्या होत्या. आमच्या भागातले एक वयस्क शेतकरी, त्यांना सारा गाव आबा म्हणतो, टॉवेलात काहीतरी जड बांधून कार्यालयात आले. गाठ सोडली तर आत नारळाएवढा काळा दगड.

"साहेब, आभाळातनं पडल्याला हाय म्हणत्यात. लोहचुंबक चिकटतंय बघा."

दगड बांधावर सापडला होता. मग कुठूनसा एक माणूस येऊन सांगून गेला की, याचे पाच लाख मिळतील, मात्र आधी तपासणीचे वीस हजार भरावे लागतील. आबांनी त्यासाठी दुभती म्हैस विकायचे मनात आणले होते. मी त्यांना बसवून घेतले आणि चहा सांगितला. दगडाचे पुढे सांगतो, आधी हे आकाशदगड खरोखर सापडतात कोठे ते पाहू.

आकाशातून पडणाऱ्या दगडाला अशनी म्हणतात. अशनी पडतात सगळीकडे, पण हाती लागतात ते बहुतेक अंटार्क्टिकाच्या बर्फावर किंवा वाळवंटात. अशनीत बहुधा लोखंड असते, आणि लोखंडाचा वैरी पाणी. आपल्याकडे एखादा पडला तर दरसालच्या पावसात तो गंजतो, फुटतो, मातीला मिळतो. त्यातून आपली जमीन काळी आणि दगडही काळे, मग तो ओळखू यावा कसा? सहारा वाळवंटात मैलोगणती फिक्कट, सपाट, खडेरी माळ आहेत. पाऊस नावापुरता. तेथे पडलेला दगड हजारो वर्षे टिकतो आणि भाकरीवर पडलेल्या माशीसारखा दुरून दिसतो.

मोरोक्को देशात उंट आणि शेळ्या राखणारे भटके लोक साधारण पंचवीस-तीस वर्षांपासून हे दगड वेचू लागले. त्यांच्याखेरीज जगभरचे हौशी लोकही वाळवंटे धुंडाळतात. त्यांत शिक्षक असतात, कारागीर असतात, पेन्शनर असतात. खुरपणीला बाया जशा पात धरून बसतात, तसे हे लोक ओळीने अंतर राखून चालतात आणि नजर जमिनीवर ठेवतात. दिवसच्या दिवस काही मिळत नाही.

नजरेला काय दिसावे लागते? पहिली गोष्ट, साल. हवेतून येताना दगडाचा वरचा थर वितळून त्यावर जेमतेम एक मिलिमीटर जाडीची काळी साल धरते. काहींवर कणकेच्या गोळ्यावर अंगठा दाबावा तसे खळगे असतात. कडा झिजलेल्या आणि वजन आकाराच्या मानाने जास्त. फुटलेल्या जागी धातूचे चमकदार ठिपके आणि राळ्याच्या दाण्याएवढे गोल गोल कण दिसले, तर शोधणाऱ्याचे हात थरथरतात म्हणे. उलट दगड फसफसून जाळीदार झालेला असेल, तर ती बहुतेक भट्टीतली मळी. गारगोटीचे पांढरे दाणे दिसले, तर तो दगड इथलाच.

दगड खरा वाटला तरी त्याला नाव लागत नाही. शोधणाऱ्याने तुकडा प्रयोगशाळेत द्यावयाचा. नियम असा की, एकूण वजनाचा पाचवा हिस्सा किंवा वीस ग्रॅम, यांपैकी जे कमी असेल ते कायमचे संस्थेत ठेवावे लागते. पन्नास ग्रॅमचा दगड असेल तर दहा ग्रॅम गेले. प्रयोगशाळेत हिऱ्याच्या करवतीने त्याचा काप काढतात आणि तो घासत घासत ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करतात, म्हणजे त्यातून उजेड आरपार जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी. बहुतेक दगड कॉन्ड्राइट जातीचे निघतात, म्हणजे गोल कणांचे. त्यांत लोखंड जास्त असेल तर एच गट, कमी असेल तर एल, त्याहून कमी असेल तर एलएल. पुढे ३ ते ६ असा आकडा लागतो. मूळच्या आकाशपिंडात तो दगड किती भाजला गेला, हे त्यावरून समजते. घरच्या भगिनींना लगेच कळेल असे सांगतो. ३ म्हणजे बुंदीचा लाडू, कळी न् कळी वेगळी. ६ म्हणजे कळ्या एकमेकींत इतक्या मुरल्या की, कुठली कळी कुठे संपते ते कळू नये. शिवाय गंजाचीही प्रतवारी असते, शून्यापासून सहापर्यंत. हे सारे तपासून आंतरराष्ट्रीय अशनी संस्थेची समिती नाव मंजूर करते. चंद्रावरून किंवा मंगळावरून आलेले दगड निघतात, पण आजवरच्या हजारो दगडांत ते फारच थोडे.

येथे मला आपल्या माती परीक्षणाची आठवण होते. सहारातले पुष्कळ दगड हातोहात विकले जातात, आणि कोणत्या माळावर सापडले ते कोणी लिहून ठेवत नाही. मग त्यांना 'वायव्य आफ्रिका' आणि पुढे क्रमांक एवढेच नाव मिळते. असे क्रमांक दहा हजारांच्या पुढे गेले आहेत. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडून एकदा नमुन्यांच्या दोन पिशव्यांतल्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. माती तीच, अहवालही बरोबर, पण एकाच्या शेताची शिफारस दुसऱ्याला गेली. ज्याचे खत वाया गेले त्याने मला बोल लावला नाही, आणि तेच मला जास्त लागले. तेव्हापासून कोठला नमुना आणि कोणत्या तारखेचा, हे लिहिल्याशिवाय मी पिशवी हातात घेत नाही.

लोहचुंबकाचेही तसेच. २०११ साली मोरोक्कोतून विकत घेतलेला ३२० ग्रॅमचा एक काळा दगड मंगळावरचा निघाला. त्यातले काही कण ४४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. मंगळाला एकेकाळी चुंबकक्षेत्र होते, त्याची खूण त्या दगडात असावयास हवी होती. पण कोणीतरी पारखण्यासाठी जोरदार चुंबक लावला आणि ती खूण पुसली गेली, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अगदी साध्या हौसेपोटी केवढे नुकसान!

शिकलेल्यांनाच हे जमते असे मात्र नाही. अमेरिकेत कॅन्सस प्रांतात एलिझा किंबर्ली नावाची शेतकरीण होती. शेतात नांगराला अडणारे जड काळे दगड शेजारीपाजारी गंजीवर वजन म्हणून ठेवत. हिने लहानपणी अशनी पाहिला होता, म्हणून ती ते दगड गोळा करी. लोक हसत. तिने विद्वानांना पत्रे लिहिली, आणि १८९० मध्ये एक प्राध्यापक येऊन पाहून गेले. सारे दगड खरे निघाले.

आपल्याकडेही अशनी पडतात. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात तुकडे पडले होते. असे दगड सांभाळणे आणि तपासणे हे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते करते. दगड पडताना दिसला, तर जागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी, तो धुऊ नये, कोरड्या कागदात गुंडाळावा आणि तहसील कार्यालयात कळवावे. आधी पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नये.

आता आबांचा दगड. चहाचा कप पालथा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर मी दगड घासला. करडी रेघ उमटली. अशनीची अशी रेघ सहसा उमटत नाही. कडेचा कपचा उडवला तर आत बारीक पोकळी आणि तिच्यात पांढरे स्फटिक. म्हणजे आपला नेहमीचा काळा कातळ. त्यात चुंबकाला ओढणारे खनिज असतेच, म्हणून आपल्या भागात चुंबकाची परीक्षा फसवी ठरते. आबा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले.

"मग म्हस ऱ्हाऊ दे म्हणता?"

"राहू द्या, आबा."

त्यांनी दगड पुन्हा टॉवेलात बांधला. मी म्हटले, "आता कशाला ओझे नेता?" तर म्हणाले, "घरी कारभारनीला दावतो, इस हजार कसं वाचलं ते." परवा लसीकरणाच्या दिवशी त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. गोठ्याचे फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून तो दगड खाली लावलेला दिसला.