मांडीवर बाळ, हातात चिमटा

मुंबईत मालाड-मालवणीच्या गल्ल्यांतून भर दुपारी चक्कर मारली, तर उंबऱ्याशी बसलेल्या बाया दिसतात. शेजारी गोधडीवर तान्हे मूल, पुढ्यात ताटात पितळेच्या कड्या, पाने, मणी. कड्या जोडायच्या, खडे चिकटवायचे, काही घरांत डागही द्यायचा. हिशोब ग्रोसवर, म्हणजे १४४ नगांवर. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत पितळेच्या जागी चांदी येते आणि घराघरांत पैंजणांच्या साखळ्या, घुंगरे तयार होतात. बाळ रडले की हात थांबतो. हात थांबला की मजुरी थांबते.

याला ‘घरबसल्या चार पैसे’ म्हणायची पद्धत आहे. आम्हाला ही भाषाच खटकते. खोली बाईची, विजेचे बिल बाईचे, डोळे आणि पाठ बाईची. शेठचे कारखान्याचे भाडे वाचले, हजेरीपट वाचला, आणि बाळंतपणाची रजा देण्याची जबाबदारीही वाचली! मग चार पैसे नेमके कोणाचे झाले?

दागिन्याचा आणि आपल्या समाजाचा संबंध जुना व कडवट आहे. १९२८ साली इंदूर भागातील सवर्णांनी बलाई जातीवर जे नियम लादले, त्यांत बलाई स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत हाही एक होता. बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये ते नोंदवून ठेवले आहे. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या मायबहिणींना अस्पृश्यतेची खूण ठरलेले गळ्याहातांतले ओझे टाकून द्यायला सांगितले होते. मायबहिणींनी ते टाकलेही. आज बाजारासाठी दागिना घडवणाऱ्या हातांत वस्तीतल्या लेकीसुनांचे हात आहेत, आणि दर मात्र ठेकेदार ठरवतो.

कायद्यात या बाईचे नाव नव्हते असे कोणी सांगू नये. किमान वेतनाचे विधेयक बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये मांडले. पुढे १९४८ साली झालेल्या कायद्यात, दुसऱ्याचा माल घरी नेऊन घडवणारा, सजवणारा माणूसही कामगार मानला गेला. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या बाजूने बोलताना बाबासाहेबांनी भार मुख्यतः सरकारवर टाकला, पण मालकालाही मोकळे सोडले नाही. आज २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, ती दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत. घरातल्या एकटीला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९९६ सालचा आहे. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

सगळ्यात जास्त काळजी लहानग्याची वाटते. कथील-शिशाची झाळ, कॅडमियम असलेला डाग, धुण्याचा तेजाब हे सारे दहा बाय दहाच्या खोलीत, चुलीशेजारी. रांगते मूल जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. शिसे मोठ्यांपेक्षा मुलांच्या अंगात जास्त मुरते आणि मेंदूच्या वाढीवर घाव घालते. म्हणून डागाचे काम मूल असलेल्या खोलीत नको, केर कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावा, अंगावर पाजण्याआधी हात साबणाने धुवावेत. हे आम्ही लिहितो खरे, पण दुसरी खोली आणायची कुठून? वस्तीत पाळणाघर आणि कामाची सामाईक जागा ही मागणी आमच्या नगरसेवकांकडून आम्ही क्वचितच ऐकली. पुतळ्याच्या चबुतऱ्यासाठी मात्र निधी मिळतो.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात घरातून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. ई-श्रमवर नोंदणी करा, ती फुकट असते. पण त्याआधी एक साधी वही घाला. रोजची तारीख, किती ग्रोस नेले, किती दिले, दर काय, कापले किती आणि माल आणणाऱ्याचे नाव. ठेकेदार सहसा पावती देत नाही, त्यामुळे उद्या मजुरीचा वाद कामगार आयुक्तांपुढे गेला, तर दाखवायला ही वहीच असेल.