पोकलेनमधल्या दोन तारा

२०१८ च्या उन्हाळ्यात ‘सुजलाम् सुफलाम्’ मोहिमेत बुलढाणा जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ पोकलेन आणि जेसीबींनी उपसला. पुढे मेहकर, सिंदखेडराजा भागात समृद्धी महामार्गावरही अशीच अवजड यंत्रे राबली. आधुनिक पोकलेनमध्ये इंजिन, हायड्रॉलिक पंप आणि डिस्प्ले यांचे वेगवेगळे छोटे संगणक असतात. त्यांना बोलायला एकमेकींभोवती पिळलेल्या दोनच तारा पुरतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ही ‘कॅन’ पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. डिझेल यंत्रांमध्ये तिच्यावर बहुधा जे-१९३९ हे मानक चालते.

दोन संगणक एकदम बोलू लागले तर? इथेच या पद्धतीची खरी करामत आहे. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला क्रमांक असतो आणि तारेवर शून्य हा एकावर मात करतो. त्यामुळे लहान क्रमांकाचा, म्हणजे अधिक तातडीचा संदेश जराही न बिघडता पुढे जातो. दुसरा संगणक आपणहून थांबतो आणि तार मोकळी होताच पुन्हा प्रयत्न करतो. मधे कोणी पंच लागत नाही!

तारांचा पीळही उगाच नाही. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखा पडतो आणि संगणक फक्त त्यांच्यातला फरक वाचतो.

तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक असतात. मेकॅनिक मित्रांनो, महागडा ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, बदलण्याआधी बॅटरीची जोडणी काढून या दोन तारांमध्ये मीटर लावा. दोन्ही रोधक समांतर असल्याने सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर आधी तार आणि कनेक्टर तपासा.